भाचा निर्दोष होता

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम निघालं, तेव्हा आम्ही दोघं करावे गावात भाड्याने राहायला गेलो. सामानाबरोबर वडिलांच्या जुन्या रहस्यकथांची पिशवीही आली. पानं पिवळी, मुखपृष्ठांवर पिस्तुलं आणि बुरखेवाले. दुपारी जिन्यापाशी वारा असायचा. तिथे बसून मी त्या पुन्हा वाचायला लागले.

तळमजल्यावर घरमालक राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य खाडीत मासेमारी करण्यात गेलेलं. सगळी गल्ली त्यांना बाबा म्हणायची. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सुनेने टीव्ही बंद ठेवला होता.

"ताई, काय वाचता येवरं?" त्यांनी एकदा विचारलं.

"खुनाची गोष्ट."

"मंग मोठ्यानं वाचा. मी पन आयकतो."

तेव्हापासून चहाच्या वेळेपर्यंत रोज वाचन होऊ लागलं. पहिली दोन पुस्तकं त्यांनी निमूट ऐकली. फक्त गुप्तहेर पानापानावर सिगारेट पेटवायचा, याचा त्यांना वैताग यायचा.

तिसरं पुस्तक खाडीकाठच्या एका बंगल्यातल्या खुनाचं होतं. अवसेच्या दिवशी संध्याकाळच्या चहानंतर बंगल्याचा मालक कोणाला दिसला नाही. सकाळी त्याचं प्रेत खाडीत दोन मैल आत, वरच्या गावापाशी सापडलं. खिशातलं घड्याळ बारावर बंद पडलेलं. रात्री बाराला कुठे होता हे भाच्याला सांगता येईना, म्हणून गुप्तहेर त्याच्या मागे लागला.

बाबांनी हात वर केला. "थांबा. भाचा नाय."

"अजून अर्धं पुस्तक आहे, बाबा."

"असू दे. अवसेला राती बाराला पानी पुरा भरतं. मंग ओहोटी लागते. तवा टाकला तर मुडदा दर्याकडं जाल, वर गावाकडं कसा येल? दिवेलागनीला पानी चढत असतं. तवाच टाकलेला हाय."

"आणि घड्याळ?"

"घड्यालाचे काटे कोन पन फिरवल. दिवेलागनीला बंगल्यावर कोन व्हता?"

मी मागची पानं चाळली. चहाला कुटुंबाचे डॉक्टर आले होते आणि अंधार पडल्यावर एकटेच परत गेले होते. हे पुस्तक मी शाळेत असताना दोनदा वाचलं होतं. तेव्हा मला त्या डॉक्टरांचा संशय आला नव्हता. लेखकालाही आला नसावा.

पुढचे तीन दिवस बाबा पुढे सरकून ऐकत होते. शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं आणि भाच्याकडे बोट दाखवलं. भाच्याने गुन्हा कबूलही केला. त्याला फाशी झाली, हे लेखकाने एका ओळीत उरकलं होतं.

मला वाटलं, आता बाबा हसतील. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"गोष्टच आहे, बाबा," मी म्हणाले. "लेखकाला खाडी माहीत नसेल."

"नसल म्हाईत तर लिवू नये," ते म्हणाले. "माजा मोठा भाव होडीतून पडला व्हता. सकालची येल. सगला गाव त्याला खाडीच्या तोंडाकडं शोधत गेला, मोठी मानसं सगली. मी सांगत व्हतो, पानी चढतंय, वर चला. मी पंधरा वरसांचा, माजं कोन आयकतो? मी येकलाच वर गेलो. तिवरांच्या झाडीत अडकलेला व्हता."

मी पुस्तक मिटलं. आतून चहा आला आणि आम्ही तो प्यायलो.

दोन दिवस मी वाचायला बसले नाही. उगाच दुखऱ्या जागी बोट लागायला नको, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी बाबांनीच जिन्याखालून हाक मारली.

"ताई, पानी नाय अशी येकादी गोष्ट हाय का?"

मी शोधून एक काढली. घाटातला बंगला, धुकं, बंद खोली, आतून कडी. आसपास विहीरसुद्धा नाही, ते मी आधी बघून घेतलं. ती आम्ही आठवडाभर वाचली. बाबांनी आधी स्वयंपाक्यावर संशय घेतला, मग वकिलावर, मग पुन्हा स्वयंपाक्यावर. तिन्ही वेळा चुकले आणि चुकल्यावर मोठ्याने हसले.