विमानाचं भाडं उतरलं होतं

हे मी कोणाले सांगितलं नाही. लेकीले नाही, भावाले नाही, देवाले तर नाहीच — त्याच्यापुढे हात जोडणं मी सोडलं. तुम्हाले सांगून राह्यलो, कारण तुमचा-माझा काही संबंध नाही. कीव करायची असेल तर इथंच थांबा. शिव्या द्यायच्या असतील तर पुढं वाचा.

माझी बायको सुमन गेल्या पोळ्याच्या आधी गेली. सकाळी छातीत कळ आली, खामगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली. मातीले आलेले लोक म्हणत होते — बिचारी, लेकीचं बाळंतपण करायचं राहूनच गेलं, त्या दोन विमानकंपन्यांच्या भांडणापायी. हे लोकांले कोणी सांगितलं? मीच. पानठेल्यावर बसून त्या कंपन्यांच्या आयमायचा उद्धार मीच करत होतो. लोक माना हलवत. मले बरं वाटे.

चार वर्षांमागची गोष्ट. आमची एकुलती एक लेक वंदना, अमेरिकेत नांदते. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं, ही आपली रीत. लेक येऊ शकत नव्हती, म्हणून तिनं आईले बोलावलं. सहा महिन्यांसाठी. एकट्या आईले. सुमन मुंबईले जाऊन व्हिसाचा शिक्का घेऊन आली. डिंक तळला, खारीक कुटली, लाडू वळून डबे भरले. बाळंतशोपा, ओवा, कुंची — सगळं बांधून कोपऱ्यात ठेवलं. त्या गाठोड्याकडे पाहून माझं डोकं फिरे. काऊन फिरे? सांगतो.

तेव्हा एका देशी कंपनीची अन् एका परदेशी कंपनीची भागीदारी होती. एका तिकिटावर नागपुरात बसायचं, मुंबईले ते लोक दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून देत, बॅग थेट लेकीच्या गावी. आम्ही तिकीट काढणार, त्याच आठवड्यात भागीदारी मोडली. एक तिकीट बंद झालं, भाडं एकदम चढलं. सुमन तोंड पाडून बसली. इथपर्यंत मी खोटं बोललो नाही.

पण पुढं?

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म गेला खामगावच्या जिनिंगमध्ये काट्यावर, कापूस मोजण्यात. बाजार मले कोणी शिकवू नये. दोन व्यापारी आतून एक असले का शेतकऱ्यानं गाडी कुठंही न्यावी, भाव तोच. त्यांचं फाटलं का दोन-चार दिवस दोघंही ताठतात, मग एकमेकाच्या दारातली गाडी ओढतात, अन् भाव चढतो. विमानात आपण घेणारे, म्हणून तिथं भाव पडणार — हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. सुमनले मी एका शब्दानं बोललो नाही.

अन् तसंच झालं. नागपूर-मुंबई एकाच कंपनीच्या हाती राह्यलं, तिथलं भाडं काही उतरलं नाही. पण मुंबईहून पुढच्या लांबच्या मार्गावर देशी कंपनीनं आपलं विमान घातलं, अन् दोघी एकमेकींच्या उरावर बसल्या. खामगावच्या तिकीटवाल्यानं मले फोन केला.

"काका, दोघाईचं फाटलं तं आपलं भलं झालं! पह्यल्यापेक्षा सस्तं होऊन राह्यलं. काकूले शेगावहून रेल्वेनं मुंबईले न्या, तिथून एकच विमान. बदलाची बी कटकट नाही."

मी म्हटलं, "तुई काकूच नाही म्हणते."

सुमन तेव्हा अंगणात पापड वाळत घालत होती. आवाज आला म्हणून तिथूनच विचारलं, "तिकीटवाल्याचा फोन होता? उतरलं का भाडं?"

"उतरते कायचं! अजून चढलं."

पंधरा दिवसांनी त्याचा परत फोन आला. मी परत तेच केलं. लेक म्हणाली, बाबा, मी इथून तिकीट काढते, आईले फक्त हो म्हणू द्या. तिले मी काय सांगितलं? म्हटलं, तुझी आई विमानाले भेते. तुले सांगायची तिले लाज वाटते. विषय काढू नको, रडत बसते. — फोन घरात एकच, माझ्या खिशात. दोघी बोलत तेव्हा मी बाजूले बसलेला. लेक आईले विचारे ना, आई लेकीले विचारे ना. आई समजे भाडं कोणालेच झेपत नाही, लेक समजे आई भेली.

आता विचारा, काऊन केलं?

पानठेल्यावर नामदेव म्हणाला होता, "तुई बायको अमेरिकेले चालली, आता चुलीपुढे बस बे सहा महिने! भाकर थापता येते का?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आलो तं पहिले चुलीकडे पाहिलं. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत मी स्वतःचा चहा केला नव्हता. एवढंच कारण. लेकीवर राग नव्हता, पैशाची अडचण नव्हती. माझ्या ताटात गरम भाकर पडावी म्हणून मी एका बाईले तिच्या लेकीपासून तोडलं. हे लिहिताना लाज वाटत नाही, आणि त्याचीच मले चीड येते.

वंदनाले मुलगी झाली. सव्वा महिना तिनं एकटीनं काढला, जावई कामावर. डिंकाचे लाडू मी खाल्ले, थंडीभर, रोज एक. सुमनच वाढे.

नात तिनं फोनच्या काचेतच पाहिली. पुढं कधी तिनं जायचं नाव काढलं नाही.

तेरवीले लेक आली. बाया घरात बसलेल्या. वंदना मावशीले म्हणाली, "गावोगावच्या बाया विमानानं जातात वं मावशी. मायीच आई काऊन भेली? मी तिले लय हाका मारल्या मनात." मावशी म्हणाली, "ते तं रात्री एकटी शेतात जाये. ते कायले भ्याची?" मी दारात उभा होतो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, विमानाची गोष्ट वेगळी असते.

जाताना लेक पाया पडली. म्हणाली, "बाबा, तुमी तिले किती समजावलं असन. तुमच्यावर माया राग नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हटलं. अन् गाडीचं दार लावून दिलं.