फेस वर चालला की

माझ्या कपाटात एक प्रशस्तिपत्र पडून आहे. ‘उत्कृष्ट ग्राम आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ असं त्यावर सोनेरी अक्षरात छापलंय. बायकोनं ते दोनदा भिंतीवर लावायला काढलं, दोनदा मी तिच्या हातून घेऊन परत आत टाकलं. का, ते तिला कधी सांगितलं नाही.

मी ग्रामसेवक. आधीची नोकरी लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या बाजूला. त्या भागात भूकंपाची धास्ती माणसांच्या अंगात मुरलेली आहे. ज्यांनी तो पाहिलाही नाही, ती पोरंसुद्धा दगडी भिंतीला खाट लावत नाहीत. तिथं आराखडा करताना मी खरंच राबलो होतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गल्लीगल्लीत हिंडलो. कुठली भिंत पोट काढून उभी आहे, कुठल्या बोळातून बाज बाहेर निघत नाही, ते सगळं त्यांनी दाखवलं आणि मी उतरवून घेतलं. शेवटी ठरलं, की हादरा बसला तर सगळ्यांनी बाजाराच्या मैदानात, उघड्यावर जमायचं. त्या गावासाठी ते शंभर टक्के बरोबर होतं.

मग बदली झाली, ती नांदेड जिल्ह्यात, बिलोलीकडच्या नदीकाठच्या एका गावात. राहायला मी नांदेडातच. गावात मुक्कामी राहायची अट असते, ती आम्ही सगळेच कागदावर पाळतो. आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर जायचो, सह्या करायचो, बाजाराच्या दिवशी ताजी भाजी बांधून परत यायचो.

गेल्या गेल्याच तालुक्याला कार्यशाळेचं बोलावणं आलं. बाहेरून आलेला एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होता. ‘सर्व भागधारकांमध्ये ज्ञानाची देवाणघेवाण’ हे शब्द त्यानं इतक्या वेळा उच्चारले, की माझ्या शेजारचा तलाठी कागदावर रेघा मारून मोजत बसला. भागधारक म्हणजे कोण, तर आम्हीच. ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, सरपंच. नदीकाठचं एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हतं, आणि जेवणाची ताटं पुढं आल्यावर कुणाला ते आठवायचंही कारण नव्हतं. ‘स्थानिक लोकांचं ज्ञान महत्त्वाचं’ असं मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला रेघा मारायची चांगली सवय आहे.

आराखडे शुक्रवारपर्यंत द्यायचे होते. माझ्याकडं अहमदपूरचा तयार होता. गावाचं नाव बदललं, लोकसंख्या बदलली, जिथं जिथं भूकंप होता तिथं पूर घातला. अर्ध्या तासाचं काम. मैदान मात्र तसंच राहिलं. या गावालाही बाजाराचं मैदान होतंच. ते ओढ्याला लागून आहे, गावातली सगळ्यात खोलगट जागा आहे, हे मला माहीत नव्हतं का? होतं. तिथल्याच चिखलात उभं राहून मी भाजी घ्यायचो. पण कागदावरचं मैदान आणि ते मैदान एकच, हे काही डोक्यात शिरलं नाही.

गावात शिरताना ओढ्यावर एक लहानसा पूल लागतो. त्याच्या खाली एक म्हातारी रोज धुणं धूत बसलेली असायची. खालच्या गल्लीत तिचं घर, घरात ती आणि तिची धाकटी जाऊ, दोघी विधवा. ग्रामसभेत आराखडा वाचून दाखवला त्या दिवशी ती दाराशी बसली होती. मंजूर, मंजूर म्हणून हात वर झाले आणि ती उठली.

“ह्ये गढीचं न्हाई आलं त्यात,” ती म्हणाली. गढी म्हणजे गावाच्या टोकाला असलेला पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा. “नदी फुगली की आधी वढ्यातून उलटी येती. साबनाचा फेस वर चालला की वाट बघायची न्हाई, खालच्या गल्लीतल्या समद्यांनी गढीवर जायचं. माझी सासू सांगायची. येवढं लिवा कागदात.”

“मावशी, साबण जरा कमी लावत जा,” सरपंच म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. इतिवृत्तात लिहिलं, ‘आयत्या वेळचे विषय: चर्चा झाली.’

पुढच्या पावसाळ्यात तो दिवस उजाडला. आमच्याकडं चार दिवसांनी उघडीप पडलेली, स्वच्छ ऊन. पाऊस अजून कोसळत होता तो नदीच्या वरच्या अंगाला, लांब कुठंतरी. साचलेलं धुणं घेऊन म्हातारी ओढ्यावर बसली. तिनं फेस पाहिला, पिळे तिथंच टाकले आणि गल्लीत दारं वाजवत सुटली. अर्धी गल्ली तिच्यामागं गढीकडं निघालीसुद्धा.

मी नांदेडला घरी चहा पीत होतो. ग्रामपंचायतीच्या शिपायाचा फोन आला. “सायेब, तालुक्याचा मेसेज आलाय व्हॉट्सॲपवर. नदीला पानी वाढून राहिलंय म्हनं. भोंग्यावर काय सांगू?”

मी मोबाइलवर आराखडा उघडला आणि वाचून दाखवला. सर्वांनी तातडीनं बाजार-मैदानात जमावं.

त्यानं भोंग्यावर तेच सांगितलं, तीन वेळा, माझ्याच शब्दांत. गढीच्या चढावर असलेली माणसं थांबली. बरीचशी माघारी वळली. त्यांत ती जाऊ होती. तिचे गुडघे धरलेले, चढ नको वाटत होता, मैदान सपाट. “भोंग्यावर सांगून राहिलेत तर त्यान्ला काय ठाव न्हाई व्हय?” असं ती थोरलीला म्हणाली. थोरलीनं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. हे मला नंतर शिपायानं सांगितलं.

पाणी पुलाखालून उलटं आलं आणि मैदानाच्या मागच्या बाजूनं शिरलं. ज्यांना पळता आलं ते कमरेएवढ्या पाण्यातून निघाले. जाऊ तिसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली.

चौकशी झाली. आराखडा होता का? होता. ग्रामसभेची मंजुरी? होती. सूचना वेळेत दिली? भोंग्यावर, तीन वेळा. फाइल कशी चोख होती, कुठं बोट ठेवायला जागा नाही. मयत बाई ‘सूचनेनंतर योग्य त्या हालचाली करू शकली नाही’, असं त्यात आलं. ते वाक्य मीच लिहून दिलंय. आणि पुढच्या वर्षी नांदेडच्या कार्यक्रमात प्रशस्तिपत्र मिळालं, कारण तालुक्यात वेळेत आराखडा दिलेली गावं मोजकीच होती. मी टाळ्यांत उठलो आणि ते घेतलं. तिथंच सांगून टाकावं, असं मनात आलं होतं. पण पेन्शनला सहा वर्षं राहिली होती. ही लाज आहे, आणि ती मी अजून पगारासोबत दर महिन्याला घरी आणतो.

म्हातारीला मात्र सांगितलं. कार्यक्रमानंतर आठवड्यानं तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारून केलेला आराखडा मी इथं उतरवला होता, मैदान तिथलं होतं, भोंग्यावर मीच सांगायला लावलं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही.

“तिकडं मैदान उंचावर हाय का?” तिनं विचारलं.

“हाव.”

“मंग त्यान्ला बरं लिवलंत.” तांदळातला खडा काढून टाकत म्हणाली, “तिकडच्या म्हाताऱ्यान्ला इचारलं व्हतं म्हनता. मी तर रोज पुलाखालीच व्हते, सायेब. तुमची गाडी माझ्या डोक्यावरून जायची.”

मी आराखडा नव्यानं लिहिला. जमण्याची जागा गढी केली. ‘पूर्वसूचना’ या रकान्यात ओढ्याचा फेस लिहिला. तालुक्याहून दुरुस्ती होऊन परत आला तेव्हा गढी राहिली होती, फेसावर काट मारून ‘मोबाइल संदेश’ केलं होतं.

आता पावसाळ्यात पुलावर आलो की मी गाडी बंद करतो, कठड्यापाशी जातो आणि विचारतो, “मावशी, फेस कुणीकडं?”

ती वर बघत नाही. हातातलं लुगडं दगडावर आपटते. “खाली चाललाय. जावा तुमी, तुमाला उशीर व्हतोय.”