खूण नसलेलं मेंढरू

"तुमच्या मुलीच्या रक्तात नॅचरल किलर सेल्स जवळजवळ नाहीतच," पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जन्मापासूनच हे असं आहे. तुमचा दोष नाही."

दोष नाही म्हणे! शेजारी माझी सतरा वर्षांची वैशाली बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. तो डोळा माझ्यामुळे गेला होता.

आम्ही आणे पठारावरचे. सासरे मेंढ्यांमागे फिरले; आता आमची शेती आहे आणि थोडी मेंढरं. वैशालीला आठवीत कांजिण्या येऊन गेल्या होत्या. यंदा पुन्हा अंगभर फोड उठले. सासूबाई म्हणाल्या, "देवीआई दुसऱ्यांदा आली म्हंजी पोरीवर लई मर्जी हाय. डाक्टरच्या सुईला हात लावायचा न्हाई." मी बारावी पास. तरी दाराला लिंबाचा डहाळा मीच बांधला, घरात फोडणी बंद केली, पोरीला पाल्यावर निजवलं. तिसऱ्या दिवशी ती कण्हली, "आये, डोळ्यात लई खुपतंय." मी म्हणाले, "आईचं नाव घे, उतरंल."

सहाव्या दिवशी तिला धाप लागली, तेव्हा जीप करून नारायणगाव गाठलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "पाच दिवस काय करत होता? हे औषध पहिल्याच दिवशी द्यायचं असतं!" त्या माणसाचे मी आजही आभार मानते. खरं बोलणारा तो पहिला.

तिथून पुणे. अकरा दिवस आयसीयू. छाती सुधारली, डोळा नाही.

मग रक्ताच्या तपासण्या. आजारात या नॅचरल किलर पेशी तशाही कमी दिसतात, म्हणून दीड महिन्याने पुन्हा रक्त घेतलं. दोन्ही वेळा उत्तर तेच.

बाईंनी समजावलं. रक्तातल्या इतर राखणदारांना शत्रू ओळखायला दिवस लागतात. या पेशी थांबत नाहीत. आपली प्रत्येक पेशी अंगावर स्वतःची खूण बाळगते. आत शिरलेला विषाणू पुष्कळदा ती खूण लपवतो, म्हणजे इतरांना संशय येत नाही. नॅचरल किलर पेशी नेमकी खूण नसलेली पेशी हेरून मारतात.

सोबत आलेले वैशालीचे वडील म्हणाले, "आमच्या कळपासारखंच की. पाठीवर आमचा गेरू न्हाई असं मेंढरू दिसलं की आमी थांबून बघतो, हे कुणाचं."

"अगदी तसंच. हिच्या कळपात ते बघणारं कुणी नाही." बाईंनी विषाणूला रोखणारी रोजची गोळी लिहून दिली. आजारी माणसाजवळ जायचं नाही, असं बजावलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या काकू खण-नारळ घेऊन आल्या. कडेवर नातू, त्याच्या अंगावर ओले फोड. "देवीनं डोळा ठिवून घेतला, भाग्याची पोर! वैशे, याच्या डोक्यावर हात ठेव."

मी काकूंना बसायला पाट दिला. गावात राहायचं होतं ना मला.

वैशाली मागे सरकली. डोळ्यावरची पट्टी काढली आणि म्हणाली, "काकू, माझ्याकडं नीट बघा. मग त्याला आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं न्या."

काकूंनी नारळ उचलला. "देवीचा मान ठिवत न्हाई ही," म्हणत गेल्या. नातवाला कुठे नेलं, कळलं नाही.

तुमच्या घरी एकाच माणसाला कांजिण्या अशा जोराने पुन्हा आल्या, तर डहाळा बांधायच्या आधी दवाखाना गाठा. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी सासूबाईंना घाबरले, आणि किंमत पोरीने मोजली.