ताईची लाकडी जमीन

बॅले करणारी माणसं हातांनीही नाचतात, हे मला ताईमुळे कळलं. पाय वाचवायचे असले की अख्खा नाच बसल्या बसल्या हातांनी करायचा, ही त्यांच्या सरावाची रीत. उडी आली की तळहात वर, गिरकी आली की बोट फिरतं.

गेल्या वर्षी ताईच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती मुलींना शिकवते. तिथे सिमेंटवर फरशी आहे आणि तिच्यावर ती वर्षानुवर्षं उड्या मारत आली होती. डॉक्टर म्हणाले, "हाड भरेल. पण पुढे पायाखाली दबणारं लाकूड हवं, नाहीतर नाच सोडा." नेमका त्याच वर्षी थंडीत तिने बसवलेला पहिला नाच रंगमंचावर यायचा होता. त्याचा शेवट ती एकटी करणार होती, आणि तो सगळा उड्यांचा होता.

बाबा रिफायनरीतले निवृत्त फिटर. जन्मभर त्यांनी युनियनची पत्रकं वाटली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. या वेळी त्यांनी पत्रक काढलं नाही, करवत काढली. हॉलच्या फरशीवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या, वर प्लाय. हाड भरून आल्यावर ताईने त्यावर पहिली उडी मारली. आवाजच आला नाही.

"बाबा, ही जमीन मला वर उचलते!"

"मग? इतकी वर्षं मला नाचवलंस, आता फळ्यांना नाचव."

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी हॉल रिकामा दिसला. ताईची जमीन बाहेर मैदानात होती. तिच्यावर गरब्याचे गायक बसले होते, कडेने लाल गालिचा खिळ्यांनी ठोकला होता आणि मधोमध स्पीकरचे खांब पेचांनी आवळले होते. सोसायटीचे सेक्रेटरी काका कौतुकाने म्हणाले, "जुओ बेन, तमारुं स्टेज केवुं शोभे छे!"

"काका, ते स्टेज नाहीये हो," ताई म्हणाली.

"अरे, नव दिवसनी तो वात छे!" नऊच दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणत त्यांनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला.

भोवती सगळं बडोदं अनवाणी नाचत होतं. मला इतका राग आला होता की टाळीसुद्धा वाजवता येईना.

नवरात्र संपलं तेव्हा धूळ बसवायला रोज मारलेल्या पाण्याने प्लाय फुगला होता. बाबांनी त्यावरून तळहात फिरवला. "ह्यावर पाय टाकू नकोस," एवढंच बोलले. नवी जमीन करायची म्हटलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, हॉलमध्ये लग्नं होतात, फळ्या नकोत.

मी पत्रक लिहायला बसले. 'जाहीर निषेध' असं ठळक लिहिलं. पण कोणाचा? एक्स-रेसाठी ताईला आपल्या स्कूटरवर बसवून नेणाऱ्या काकांचा? आमच्या घरातल्या पत्रकांत शत्रू पहिल्या ओळीत असायचा. माझी पहिली ओळ कोरीच राहिली.

"शेवट तुझ्या वर्गातल्या मोठ्या मुलीला दे ना," मी ताईला म्हटलं.

"आणि ती सराव कुठे करणार? त्याच फरशीवर? तिची नडगी मोडू?"

तिने शेवट काढून टाकला. थंडीत मुली नाचल्या, नाच मध्येच संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन ताई खुर्चीत बसली आणि काढून टाकलेला शेवट हातांनी करू लागली. बाबा समोर बसून बघत होते. शेवटची उडी आली. तिचा तळहात वर गेला, आणि तो जिथे उतरणार होता तिथे बाबांनी खाली आपला तळहात पसरून धरला.