ज्या पुस्तकात ‘सहज’ नव्हतं

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली ‘कव्हरवाली’ म्हणते. तोंडावर म्हणते आणि पाठीमागेही म्हणते, कारण पाठीमागे वेगळं काही म्हणायची कुणाची छाती नाही. लहानपणी तापात तिचा उजवा पाय लुळा पडला. उरलेल्या डाव्या पायाने ती विजेच्या मशीनचं पायडल असं दाबते की जाडजूड रेक्झिनही मुकाट सुईखालून निघून जातं. दुकानात कुबडी, दुकानाबाहेर चाकांची खुर्ची.

जुनी कव्हरं उसवताना सीटच्या फटीत तिला लोकांच्या सहली सापडतात. समुद्राची वाळू, वाळलेलं पान, कुठल्याशा दीपगृहाचं चुरगळलेलं तिकीट. तिची स्वतःची सहल मात्र कायम पार्किंगमध्येच संपायची. घरातलं कुणीही न्यायला निघालं की ठरलेलं वाक्य यायचं, “तू गाडीतच बस, आम्ही पटकन बघून येतो.” हे पटकन म्हणजे दोन सिनेमे होतील एवढा वेळ.

मागच्या खेपेला धबधबा होता. तिने त्याचा नुसता आवाज ऐकला, तोही काच वर करून, कारण पार्किंगमध्ये धूळ उडत होती. ताई परत आली ती डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, आणि म्हणाली, “फार काही नव्हतं गं. नुसतं पाणी.” धाकट्या बहिणीला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, हे न कळायला कव्हरवाली काही कुक्कुलं बाळ नव्हती. ते वाक्य तिने विसरायचं नाही असं ठरवलं.

यंदा भाऊजींनी पुन्हा गाडी काढायचं ठरवलं. सगळा डोंगरपट्टा फिरायचा, धबधब्यासकट. कव्हरवालीने खुर्ची डिकीत ठेवायची म्हटल्यावर ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

“खुर्ची डिकीत गेली तर पाण्याचा कॅन कुठे ठेवू? डोक्यावर?”

“ठेवा की. मोकळंच आहे.”

“अगं, उगीच ओझं वाहून काय करायचं? तिकडे जिकडेतिकडे पायऱ्या आहेत.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे तुम्हाला.”

भाऊजींना मेव्हणीशी भांडायला मनापासून आवडतं, आणि हरायला अजिबात आवडत नाही. “बरं,” ते म्हणाले, “एखाद्या पुस्तकात दाखव. वाटेत अशी एक जागा दाखव, जिथे तुझी खुर्ची जाते. मग खुर्ची डिकीत, आणि कॅन मी मांडीवर घेऊन बसतो. तुझ्या ताईला चालवू दे गाडी.”

“शब्द?”

“शब्द.”

दुसऱ्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं आणि खुर्ची थेट पुस्तकांच्या दुकानासमोर नेली. दाराला पायरी होतीच. पायरी नसती तर तिला चुकल्यासारखं झालं असतं. तिने बाहेरूनच हाक मारली. पुस्तकवाला चष्मा पुसत आला.

“कोणतं हवंय, मावशी? इथेच आणून देतो.”

“डोंगरपट्ट्याच्या प्रवासाची असतील तेवढी सगळी आण.”

तो गठ्ठा घेऊन आला आणि तिने फूटपाथवरच ठाण मांडलं. पहिल्या पुस्तकात पानोपानी सूर्यास्त होते. सूर्यास्त तर पार्किंगमधूनही दिसतो, त्याला पुस्तक कशाला? दुसऱ्यात राजांच्या लढायाच लढाया. कोणता दरवाजा कुणी जिंकला ते सगळं लिहिलेलं, त्या दरवाजाचा उंबरठा केवढा ते कुठेच नाही. तिसरं जाडजूड होतं, नकाशेही छान होते, म्हणून ती आशेने वाचू लागली. ‘गडावर सहज चढून जाता येते.’ पान उलटलं. ‘येथून तळ्यापर्यंत सहज चालत जाता येते.’ आणखी एक पान. ‘ओढा सहज ओलांडता येतो.’

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हा सहज लिहिणारा सहजराव एकदा समोर यायला हवा होता. त्याचा एक पाय बांधून त्याला बाजारातून कांदे आणायला पाठवला असता.

पुस्तकवाला अवघडून उभा होता, कारण फूटपाथवरची माणसं खुर्चीला वळसा घालून जाताना दुकानाकडे रागाने बघत होती. “मावशी, घ्यायचंय की नुसतं बघायचंय?”

“नुसतं बघायलाच तर जायचंय मला! ते जमत नाही म्हणून पुस्तक शोधतेय.”

“दिव्यांगांसाठी तसं काही निघालेलं नाही हो.” तो शब्द त्याने असा जपून उच्चारला, जणू काचेचा आहे आणि हातातून निसटेल. “तुमच्यासारख्यांसाठी...”

“माझ्यासारख्या म्हणजे? कव्हरं शिवणाऱ्या?”

तो पुन्हा चष्मा पुसू लागला. तेवढ्यात एक तरुण आई बाबागाडी ढकलत आली आणि त्याच पायरीपाशी अडकली. पायरीला शिव्या घालायच्या की बाळाला उचलायचं, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनेही बाहेरूनच हाक मारली, “काका, माझं ते बाळांसोबत फिरायचं पुस्तक आलं का?”

“आलंय, आलंय. दोन आल्यात प्रती.”

कव्हरवालीची नजर बाबागाडीच्या पुढच्या चाकांवर गेली. छोटी, सगळीकडे फिरणारी, खडा आला की रुसून आडवी होणारी. थेट तिच्या खुर्चीची सख्खी भावंडं.

“दुसरी प्रत इकडे दे,” ती म्हणाली.

पुस्तक डोंगरपट्ट्याचंच, पण बारीकसं होतं, फोटो धड नव्हते. तरी पहिल्याच पानावर एका संग्रहालयाबद्दल लिहिलं होतं, ‘पुढच्या दाराला उंच पायऱ्या. मदतीला कोणी येत नाही, बघत मात्र सगळे उभे राहतात. मागे सामान उतरवण्याचा उतार आहे, तिकडून जा.’ तिने पान उलटलं. ‘हा रस्ता चांगला आहे असं लोक सांगतात. नाही.’ हे पुस्तक लिहिणारी बाई चिडूनच लिहायला बसली होती. चिडलेलं माणूस कव्हरवालीला लगेच ओळखू येतं. आणि अख्ख्या पुस्तकात शोधून शोधून ‘सहज’ कुठे सापडलं नाही.

“मावशी, हे बाळ असलेल्यांसाठी आहे,” पुस्तकवाला म्हणाला.

“चाकाला कळतं का वर कोण बसलंय?”

बाबागाडीवाली खळखळून हसली. पुस्तक घेतलं गेलं.

घरी भाऊजींनी मुखपृष्ठावरचं गुबगुबीत बाळ पाहिलं आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “बघ गं, तुझ्या बहिणीने काय आणलंय! सोबत लाळेरंही घेऊ का?”

“घ्या, तुम्हालाच लागेल. कॅन मांडीवर सांडणार आहे.”

मग तिने धबधब्याचं पान त्यांच्यापुढे धरलं. ‘समोरून पायऱ्या. पण वरच्या अंगाला पंपघराकडे जाणारा डांबरी रस्ता आहे, तो थेट कठड्यापर्यंत जातो. फाटकावरचा राखणदार नाही म्हणतो. त्याचं ऐकू नका.’

भाऊजींनी पान दोनदा वाचलं. “जुनं असेल. फाटक आता बंदही झालं असेल.”

इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालणारी ताई मान वर न करता म्हणाली, “शब्द दिला होतात तुम्ही. मी ऐकलाय.”

खुर्ची डिकीत गेली. ताईने गाडी चालवली, आणि भाऊजी डोंगर येईपर्यंत कॅनला मिठी मारून बसले.

फाटक होतं. राखणदारही होता, पुस्तकात होता तस्साच.

“इथून फक्त खात्याच्या गाड्या. आणि हल्ली बाबागाड्या.”

“बाबागाडीच आहे ही,” कव्हरवाली म्हणाली.

“मग बाळ कुठंय?”

“हे काय समोर बसलंय. आईचं शेंडेफळ.”

तो हसला नाही. “बाई, परत फिरा.”

भाऊजींना चारचौघांत शोभा झालेली खपत नाही. ते खाली वाकून पुटपुटले, “जाऊ दे ना. तू गाडीतच बस, आम्ही पटकन...” ताईने असं काही बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

कव्हरवालीने खुर्ची बरोब्बर फाटकाच्या मधोमध आणली आणि ब्रेक लावला. “तुमच्या साहेबांना बोलवा. मी बसलेय इथे. आणि बसण्यात माझा हात धरणारं कुणी अजून जन्मलेलं नाही.”

राखणदाराने आकाशाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. ती बसूनच राहिली. बऱ्याच वेळाने पंपघराची जीप मागून आली आणि हॉर्न वाजवू लागली. चालकाने डोकं बाहेर काढलं. “अरे, सोड की त्यांना! बाबागाड्या सोडतोस ना? मला ड्युटीवर जायचंय!”

फाटक उघडलं. “पुढे घसरडं आहे,” राखणदार तोंड फिरवून म्हणाला.

“माहीत आहे. पुस्तकात लिहिलंय.”

शेवटच्या वळणावर भाऊजींना धाप लागली, पण खुर्ची त्यांनी सोडली नाही. कठडा आला. समोर अख्खा डोंगर पांढरा होऊन खाली कोसळत होता. तुषारांनी तिचा चेहरा, पदर, मांडीवरचं पुस्तक सगळं भिजवलं. ताई शेजारी येऊन उभी राहिली.

“ताई, तू म्हणाली होतीस नुसतं पाणी.”

“म्हणाले होते.” ताईने ओला चेहरा पुसला नाही. “खोटं बोलले होते.”

मागून भाऊजींनी घाम टिपत विचारलं, “झालं ना बघून? निघायचं?”

कव्हरवालीने ब्रेक लावला. “तुम्ही गाडीत बसा, भाऊजी. मी बघून येते. पटकन नाही.”