पंधरा जणी

"हात ठेव. चावत न्हाय."

आमच्या भवानी पेठेतल्या वाचनालयात एकुलता एक कॉम्प्युटर आहे. त्याच्यासमोर कुणी नवखी बसली की बाई तिचा हात धरून माऊसवर ठेवायच्या आणि वरून आपला हात दाबायच्या, पहिलीतल्या पोरीकडून अक्षर गिरवून घ्यावं तसा. बाई मूळच्या वैराग गावच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मी इथला ग्रंथपाल.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही लिहावा असा. पण त्या 'कुणीही'त आपल्या पेठेतल्या बायका का नाहीत, एवढाच बाईंचा प्रश्न. दर गुरुवारी दुपारी त्या घरोघरी हिंडून बायका गोळा करून आणायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हळदीकुंकू आहे. मीही तसं म्हणून हसलो होतो.

मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरण्यात एकीचा जन्म गेला होता. बाईंनी तिच्या नावानं खातं उघडून तिला त्यावरच लिहायला बसवलं.

"माझं नाव कशाला बाई? मालकांचं टाका की."

"मालकांना कांडी भरता येती का?"

"न्हाय."

"मग गप लिही."

तिनं लिहिलं. चार ओळींना दोन तास लागले. आपलं नाव पडद्यावर दिसल्यावर तिनं पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

दोन वर्षांत अशा चौदा जणी झाल्या, बाई धरून पंधरा. चूक बाईंचीच. सगळ्या एकाच कॉम्प्युटरवर, एकाच वारी, एकीमागून एक लिहायच्या. पहिलं वाक्यही सगळ्यांचं एकाच वळणाचं, कारण शिकवणारी एक. तिकडं देखरेख करणाऱ्यांनी एवढंच पाहिलं आणि ठरवलं, की एकच माणूस पंधरा खोटी नावं घेऊन लिहितोय. सगळी खाती बंद झाली, लेखही काढून टाकले.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "ह्यातली एकबी खरी न्हाय म्हणत्यात ओ."

त्यांनी बायकांना सांगितलं, मशीन बिघडलंय. आणि स्वतः रोज येऊन अर्ज लिहायला लागल्या. सगळ्यांना ओळीनं उभं करून काढलेला फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. बायका आधी सहा येत होत्या, मग दोन. एका गुरुवारी बाई एकट्याच आल्या आणि माझ्या टेबलासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई!

"भाऊ, वाचनालयाच्या कागदावर एक पत्र द्या. ह्या पंधरा बायका हायेत, तुमी डोळ्यांनी बघितल्यात, एवढंच लिवा."

"समितीला विचारावं लागेल, बाई."

"विचारा. पण लवकर. एकदा घरात गेल्या की परत येत न्हाईत त्या."

मी समितीला विचारलंच नाही. शिक्का माझ्याच खणात होता. उगाच आपल्या सहीनं कशाला, अशी भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. बाई दर गुरुवारी विचारायच्या, "झाली का बैठक?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. शेवटी शेवटी त्या विचारायच्याही नाहीत. बंद कॉम्प्युटरसमोर नुसत्या बसायच्या, माऊसवर हात ठेवून. मला ते बघवत नसे, म्हणून मी आत जाऊन पुस्तकं लावत बसे.

एका सकाळी बाई झोपेतच गेल्या.

त्यांच्या दहाव्याला जायच्या आधी मी ते पत्र लिहिलं. शिक्का मारायला एक मिनिटही लागलं नाही. 'खाली नावं दिलेल्या पंधरा स्त्रिया मी स्वतः पाहिल्या आहेत.'

बाईंच्या घरी सगळ्या आल्या होत्या. कांड्या भरणारी भिंतीला टेकून बसली होती, सारखा पदर डोळ्यांना लावत होती. खिशातल्या पत्रावर हात ठेवून मी दारातून त्यांना मोजलं. पुन्हा मोजलं.

चौदाच भरल्या.