निळ्या रेशमाचा किमोनो

विनयने लुंबिनीला पहिल्यांदा मारलं ते भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा मारलं ते कमी पडलं म्हणून. असा यांचा न्याय. एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेला हा गृहस्थ चौदा एप्रिलला दिल्लीतल्या द्वारकेत स्त्रियांच्या हक्कांवर भाषण ठोकायचा. लोक टाळ्या वाजवायचे, आणि पहिल्या रांगेतली लुंबिनी सुजलेला कान पदराखाली घेऊन त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवायची. सांगतानाही अंगाचा तिळपापड होतो. पण तिने जायचं कुठे? अकोल्याचे आईवडील गेले होते, आणि भाऊ फोन उचलत नव्हता.

हातात होती ती फक्त शिलाई. ब्लाउज, फॉल-पिको करता करता गुडगावच्या हिरानोबाईंशी गाठ पडली. या जपानी बाई किमोनो, म्हणजे त्यांच्याकडचे पुढून एकावर एक गुंडाळायचे पायघोळ झगे, शिवून घेऊन विकायच्या. पहिलाच किमोनो लुंबिनीने अगदी थाटात बिघडवला. सरोजिनी नगरच्या बाजारातून मोरांच्या छापाचं झकास सुती कापड आणलं. आता किमोनोला खांद्यावर जोड नसतो, एकच लांब पट्टा पुढून खांद्यावरून मागे उतरतो, हे हिच्या ध्यानातच नाही. समोर मोर ऐटीत उभे आणि पाठीवर सगळेच्या सगळे डोक्यावर! हिरानोबाई हसून हसून खाली बसल्या.

पण त्यांनीच मग हिला कापड पारखायला शिकवलं. मुठीत चुरगाळून सोडायचं, चुणी राहिली की पुढचं दुकान गाठायचं. धागा जाळून बघायचा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, टोकाला कडक गोळी धरली तर नायलॉन, मग दुकानदार कितीही शपथा घेवो. उन्हाळ्याला बिनअस्तराचं सुती, समारंभाला जड रेशीम. कापायचं ते सरळच, आणि जास्तीचं शिवणीत आत दुमडून ठेवायचं. कापडापुढे बसली की लुंबिनीला दुखणं आठवायचं नाही, एवढं मात्र खरं.

यंदाच्या हिवाळ्यात हिरानोबाईंनी तिला आपल्या नवऱ्याचा किमोनो शिवायला दिला. गडद निळं रेशीम, त्यांच्या सासऱ्यांनी आणलेलं, दुसरं मिळणार नाही असं. म्हणाल्या, हा नीट उतरला तर वर्कशॉपमध्ये कायमचं काम देईन, वरच्या खोलीत राहा.

"खोलीला आतून कडी आहे ना?" लुंबिनीने एवढंच विचारलं.

रविवारी दुपारी शेवटचा टाका पडला. तेवढ्यात विनय सोसायटीच्या मीटिंगमधून आला. तिथे कुणीतरी त्याचं बोलणं मध्येच तोडलं होतं, त्यामुळे तोंड आंबलेलं. त्याने हँगरवरचा किमोनो काढला, शर्टावरून चढवला, उजवी बाजू डावीवर ओढली आणि आरशासमोर उभा राहिला.

"अच्छा. कसा दिसतो मी?"

शिवणारणीची सवय, दुसरं काय. तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, डावी बाजू वर घ्या. उजवी वर असली की तिकडे ते मेलेल्या माणसाचं नेसणं असतं."

पहिल्या थपडेने तिचं डोकं शिलाई मशिनवर आपटलं. ओठ फाटला. केस धरून त्याने तिला कपाटापर्यंत फरफटत नेलं आणि बरगडीत लाथ घातली. "मला मेलेला म्हणतेस? माझ्या घरात?" मार खाताना आवाज करायचा नाही, शेजारी ऐकतात, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. मग त्याने किमोनो अंगातून ओरबाडून जमिनीवर फेकला आणि मोठी कात्री उचलली.

"गुडगावची खोली हवी काय तुला? फोनवरचं ऐकलंय मी सगळं. थांब, देतो."

त्याने कात्रीचं पातं रेशमात घातलं मात्र, आणि लुंबिनी उठली. कशी उठली, तिचं तिलाच ठाऊक नाही. कापड मोजायचा लोखंडी गज हाताला लागला. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला आणि हाड वाजलं. कात्री पडली. दुसरा कपाळावर. विनय भिंतीला टेकून मटकन बसला आणि भुवईतून रक्ताची धार लागली. तिने आधी किमोनो उचलला. कात्री फक्त काठाशी लागली होती, शिवणीत दुमडण्याइतकीच.

"रक्त थांबत नाहीये," तो म्हणाला. आवाज पार मऊ झालेला. "लुंबिनी, काहीतरी कापड दे ना."

घरभर कापडच होतं. जुनं, धुऊन मऊ झालेलं मलमलही होतं, रक्त टिपायला त्याच्यासारखं दुसरं नाही. लुंबिनीने ते घेतलं आणि आपल्या ओठाला लावलं. किमोनोची घडी घातली, पिशवीत ठेवली, चपला पायात सरकवल्या.

"मी मरेन गं," विनय रडायला लागला.

"नाही मरणार," ती दार उघडत म्हणाली. "एवढ्यानं कुणी मरत नाही. मला माहीत आहे."